पाहुण्याचं पुस्तक

जयपूरहून परत आलेल्या माणसाला लोक हवामहालाबद्दल विचारतात. मला कुणी विचारलं की मी पटकन कचोरीवर येतो, आणि कचोरीचं बोलून झालं की पाणी प्यायला उठतो. तसं सांगण्यासारखं पुष्कळ आहे. किल्ला पाहिला, बाजार पाहिला, संक्रांतीचे पतंग पाहिले. पण सांगायला लागलो की गोष्ट फिरून फिरून वैशाली नगरमधल्या एका लोखंडी कपाटापाशी येऊन थांबते आणि पुढं माझ्याच्यानं बोलवत नाही. म्हणून एकदाच काय ते लिहून टाकतो.

निघण्यापूर्वी

मी कऱ्हाडच्या एका कॉलेजात भूगोल शिकवून निवृत्त झालो. मुलानं नवा टॅब घेतला तेव्हा त्याचा जुना मला दिला आणि म्हणाला, "बाबा, आता सगळं यावरच वाचा." मी वाचायला बसलो. पण अर्धं पान होतंय न होतंय तोच वरून क्रिकेटचा धावफलक घसरायचा, कुणाच्या तरी नातवाच्या वाढदिवसाचा केक यायचा, आणि तो बाजूला सारताना बोट भलतीकडे लागून मी कोथिंबीरवडी खमंग कशी करावी हे बघत बसायचो. शिवाय काच इतकी चकचकीत की कादंबरीतल्या नायिकेच्या जागी छताचा पंखा आणि माझं टक्कल दिसायचं.

म्हणून वाचनासाठी वेगळा ई-रीडर घ्यायचं ठरवलं. त्याची निवड करताना मी जेवढं डोकं चालवलं तेवढं मुलासाठी स्थळं पाहतानाही चालवलं नव्हतं. कुणी म्हणे मोठ्या पडद्याचा घ्या, कुणी म्हणे हातात मावेल असा घ्या. एकानं पाण्यात पडला तरी चालेल असा घ्यायचा सल्ला दिला. मी काय विहिरीत उतरून वाचणार होतो? शेवटी मधल्या आकाराचा घेतला. कागदासारखा करडा पडदा, झगमगाट नाही, उन्हात तर जास्तच स्पष्ट, आणि एकदा चार्ज केला की आठवडेच्या आठवडे बघायला नको. त्यात वाचण्याखेरीज काहीच करता येत नाही, हा त्याचा सगळ्यात मोठा गुण. वाचन ई-रीडरवर आणि नकाशे, फोटो, तिकिटं टॅबवर, अशी मी वाटणी करून टाकली. दोन्हींवर खातं मात्र एकच ठेवलं. त्यामुळे एकावर वाचलेलं पान दुसऱ्याला कळतं. "दुसऱ्या उपकरणावर तुम्ही याच्या पुढे वाचलं आहे. तिथे जायचं का?" असं त्यानं पहिल्यांदा विचारलं तेव्हा मी कौतुकानं बायकोला स्वयंपाकघरातून हाक मारून बोलावलं होतं. ती पोळी तव्यावर टाकून आली आणि तशीच परत गेली.

जयपूरला माझी मामेबहीण असते, कुसुमताई. माझ्याहून बरीच मोठी. तिचे यजमान लष्करातून सुभेदार म्हणून निवृत्त झाले, शेवटची नेमणूक जयपूरला होती आणि तिथंच घर बांधून राहिले. त्यांना मी दाजी म्हणतो. मुलगा बाहेरगावी नोकरीला, आणि नात ईशा कॉलेजसाठी आजीआजोबांजवळ.

या घरात एक रीत आहे. दाजी लष्करात असताना त्यांची बदली जिथं होईल तिथं मराठी पुस्तक मिळायचं नाही. तेव्हा आसपासच्या मराठी बायकांनी आपसात ठरवलं की गावाकडून जो पाहुणा येईल त्यानं एक पुस्तक आणायचं आणि जाताना ते मागं ठेवून जायचं. पहिल्या पानावर पाहुण्याचं नाव आणि गाव लिहायचं. मग ते सगळ्यांचं. आधी ती पुस्तकं एका ट्रंकेत असत, आता ताईच्या बैठकीत लोखंडी कपाट आहे. छावणीतली मराठी कुटुंबं, आयटीत नोकरीला आलेली आपली तरुण मुलं, सगळी तिथून पुस्तक नेतात आणि आणून ठेवतात. त्याला ती मंडळी 'पाहुण्याचं पुस्तक' म्हणतात.

संक्रांतीला येतो असं मी फोनवर कळवलं तेव्हा ताई म्हणाली, "ये बाबा. आन् येताना पुस्तक आण बरं का."

"एक काय मागतेस? तीनशे आणतो!" मी म्हणालो.

ती हसली. मला वाटलं, तिला विनोद कळला.

वैशाली नगर

पुण्याहून गाडीत बसलो ते जयपूरला उतरेपर्यंत मी समोरच्या बाकावरच्या प्रवाशाला ई-रीडरचे गुण सांगत होतो. ते गृहस्थ अखेरीस झोपले. स्टेशनवर दाजी कानटोपी घालून उभे होते. जानेवारीची जयपूरची थंडी म्हणजे आपल्याकडच्या थंडीची थोरली जाऊ. रिक्षात माझे दात वाजत होते आणि दाजी "ये तो कुछ भी नहीं" म्हणत होते. बाहेर इतकी वर्षं काढल्यावर दाजींचं मराठी निम्मं हिंदीत शिरलंय. वाटेत त्यांनी गरम प्याज कचोऱ्या बांधून घेतल्या. कचोरी हातात धरवत नव्हती आणि खाली ठेववत नव्हती.

ताई दारात आली तेव्हा मी जरा दचकलोच. एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, दुसरा डोळा मुळातच अधू. माझा चेहरा ओळखायला तिनं मान तिरकी केली.

"आलास व्हय रं दिगू? वाळलास!"

माझं पोट पाहता हे डोळ्यांचंच काम होतं. चहा झाला, कचोरी झाली. दाजींनी आल्यागेल्याला आधी पाणी द्यायची तिकडची पद्धत उचललीय, त्यामुळे पाण्याचे तीन पेले झाले. मग ताईनं कपाटाची किल्ली कंबरेची काढली आणि माझ्यासमोर बसली. मला काही लक्षात येईना.

"काढ की," ती म्हणाली. "काय आणलंयस?"

मी ई-रीडर काढून तिच्या हातात ठेवला आणि भाषण सुरू केलं. यात तीनशेच्या वर पुस्तकं आहेत. अक्षर हवं तेवढं मोठं होतं. आणि मग, मला अजून आठवतंय, मी अगदी जादूगारासारखा आव आणून म्हणालो, "तुझी ती धरणाची कादंबरी पण आहे."

ती कादंबरी म्हणजे ताईची जुनी ठसठस. धरणाच्या पाण्यात बुडणाऱ्या एका गावाची गोष्ट. आमच्या मामाचं गावही तसंच पाण्याखाली गेलं, ताईनं लहानपणी ते डोळ्यांनी पाहिलं. कपाटातली त्या कादंबरीची प्रत इतक्या हातांतून फिरली की शेवटची पानं कुठल्याशा बदलीत गळून गेली. दुसरी प्रत कुठं मिळेना. कादंबरीत एक म्हातारी आहे, सगळं गाव उठलं तरी ती उठत नाही. ती शेवटी गाव सोडते की नाही, हे ताईला कधी कळलंच नव्हतं. त्या कादंबरीची ई-आवृत्ती निघालेली दिसली म्हणून मी घेऊन ठेवली होती. मी स्वतः ती उघडलीसुद्धा नव्हती.

मी कादंबरी उघडली आणि अक्षर वाढवत गेलो. एका पानावर जेमतेम सातआठ ओळी राहिल्या तेव्हा ताई म्हणाली, "थांब." मग तिनं पहिली ओळ मोठ्यानं वाचली. दुसरी वाचली. दाजींनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. ऑपरेशनपासून तिनं काही वाचलेलं नव्हतं हे मला नंतर ईशानं सांगितलं.

"शेवट बघू या का लगेच?" मी विचारलं.

"छ्या! जेवायला बसल्यावर आधी ताक पितंय का कुनी? पयल्यापासनं वाचणार."

मग ती म्हणाली, "पण नाव कुठं लिवायचं रं ह्याच्यावर?" पहिलं पान तर काचेचं. तिनं ईशाकडून कागदाची चिकटपट्टी मागवली, ईशाच्या हातानं तिच्यावर 'दिगंबर, कऱ्हाड' असं लिहून घेतलं, आणि ती पट्टी ई-रीडरच्या पाठीवर अंगठ्यानं दाबून दाबून चिकटवली.

त्या वेळी मी बोलायला हवं होतं. "ताई, हे माझं वाचायचं आहे, तू मी असेपर्यंत वाच," एवढं एकच वाक्य. पण ती पट्टी दाबत असताना तिच्या चेहऱ्यावर असं काही होतं की मला जीभ रेटेना. पुढं सांगू, म्हटलं. आणि खरं सांगायचं तर देणाऱ्याच्या खुर्चीवर बसून मला बरंही वाटत होतं.

आमेर

दुसऱ्या दिवसापासून दाजींनी माझी परेड सुरू केली. सकाळी बसनं आमेरला. चढावर दाजी पुढं, मी मागं, आणि गळ्यात टॅब. किल्ल्याची सगळी माहिती मी त्यात भरून ठेवली होती. गणेश पोल नावाच्या दरवाजासमोर उभं राहून ती मोठ्यानं वाचायला लागलो तर काचेत निरभ्र आकाश आणि त्याच्या मधोमध माझं लाल झालेलं नाक. मी टॅब डोक्यावर धरला, पोटाशी धरला, शेवटी मफलरच्या आत तोंड घालून वाचू लागलो. एक परदेशी बाई माझा फोटो काढून गेली.

"साळेबुवा, समोर बघा ना," दाजी म्हणाले. "वो इतना बडा दरवाजा काय कमी आहे का?"

दरवाजा खरोखरच सुंदर होता. चारशे वर्षांचे रंग, आणि वेलबुट्टी अशी की कालच वाळली असावी. आरशांच्या महालात तर मी टॅब पिशवीतच टाकला. फोटो काढून काढून तोवर त्यानं मान टाकलीच होती. खाली उतरून एका पायऱ्यांच्या विहिरीच्या काठावर आम्ही उन्हाला बसलो. असल्या पायऱ्या मी जन्मात पाहिल्या नव्हत्या, खालपर्यंत नुसती नक्षी. दाजी डुलकी काढू लागले आणि माझा हात सवयीनं पिशवीत गेला. अशा उन्हात, अशा जागी वाचायलाच मी ई-रीडर घेतला होता. पिशवीत तो नव्हता. तो ताईकडे होता.

तिथं मला पहिल्यांदा राग आला. कुणावर, तर ताईवर. विचारलं तरी होतं का तिनं? एकदम पट्टीच चिकटवली! विहिरीच्या काठावर बसून मी मनात बहिणीशी भांडत होतो आणि ती तिकडं घरी सातआठ ओळींचं एकेक पान उलटत होती. आज हे आठवलं की कानाच्या पाळ्या गरम होतात.

दुपारी घरी आलो तर ती अंगणातल्या उन्हात खुर्ची टाकून बसलेली. मांडीवर ई-रीडर, शेजारी निवडायची मेथी, आणि मेथी तशीच. जेवणाला बेसनाच्या गट्ट्यांची भाजी आणि बाजरीची भाकरी होती. आपली भाकरी पातळ आणि पापुद्रा सुटलेली, तिकडची जाड आणि तुपात बुडवलेली. लसणाची चटणी मात्र थेट साताऱ्याच्या तोंडाची. जेवताना ताई त्या म्हातारीबद्दलच बोलत होती, जशी ती शेजारच्या गल्लीत राहते.

"आज तिच्या घराची मोजणी करायला सायब आलाय. तिनं त्याला ताक दिलं. मतलब बग, घर पाडायला आलेल्याला ताक!"

मी भाकरी मोडत हूं हूं करत राहिलो.

गच्ची

संक्रांतीला जयपूर जमिनीवर नसतंच. सगळं शहर गच्चीवर. सकाळपासून भोंगे, गाणी, आणि पतंग कापला की चहूकडून "वो काटा!" असा गिल्ला. आपल्याकडं संक्रांत म्हणजे तिळगुळ आणि गोड बोलणं, इथं सकाळपासून शेजाऱ्याची दोरी कापण्यात आनंद. पण कापून झालं की त्याच शेजाऱ्याकडून डाळीची गरम पकोडी यायची. मी एक पतंग उडवायला घेतला, तो पाण्याच्या टाकीला अडकला, आणि माझी करंगळी मांज्यानं कापली. ईशानं हळद लावली.

दुपारी ताईकडं मराठी मंडळी जमली. छावणीतली दोन कुटुंबं, नागपूरचं एक आयटीतलं तरुण जोडपं, आणि शेजारच्या राजस्थानी भाभीजी. तिकडं संक्रांतीला सुवासिनी एकाच वस्तूचे चौदा नग वाटतात, भाभीजी वाट्या घेऊन आल्या होत्या. ताईनं हळदीकुंकू केलं, तिळगुळ दिला, आणि मग खाली जाऊन पदराखाली काहीतरी घेऊन आली.

"ह्या साली पाहुण्याचं पुस्तक बगा," ती म्हणाली. "माझ्या भावानं आणलंय. माझं वाचून झालं की कपाटात ठेवणार. ज्याचे डोळे दुखत्यात त्यानं पयलं न्यायचं."

नागपूरच्या मुलानं ते हातात घेऊन उलटंपालटं केलं. "काका! हे ठेवून जाऊन राहिले तुम्ही? भारीच मन आहे बा तुमचं!" त्याच्या बायकोनं फोटो काढला. मी, ताई आणि मध्ये ई-रीडर. भाभीजी म्हणाल्या, "भाई हो तो ऐसा."

आणि मी काय केलं? मी हात हलवून म्हणालो, "अहो, त्यात काय एवढं!"

ही सोन्यासारखी दुसरी संधी होती नाही म्हणायची, आणि मी ती नम्रपणा दाखवण्यात घालवली. तो फोटो अजून माझ्या मोबाईलवर आहे. त्यात ताई पदर सावरून सरळ उभी आहे आणि मी समाधानी दिसतोय.

पट्टी

निघायच्या दिवशी सकाळी मी बॅग भरली. ताईची कादंबरी संपत आली होती, शेवटची एकदोन प्रकरणं उरली असतील. मोठं अक्षर, अधू डोळा आणि घरकाम, तरी तिनं एवढं वाचलं होतं. मी तिथं आणखी दोन दिवस राहिलो असतो तरी भागलं असतं. ई-रीडर तिथंच ठेवून दुसरा घेतला असता तरी माझ्या पेन्शनीला काही धाड भरली नसती. पण हे सगळं आता सुचतंय. त्या सकाळी मला एवढंच सुचत होतं की किती पारखून घेतलेला तो, किती हाताला बसलेला, आणि परतीच्या गाडीत मी काय वाचू?

मी बैठकीत गेलो. ताई वाचत होती. ईशा तिथंच अभ्यास करत होती.

"ताई, एक घोटाळा झालाय," मी म्हणालो. "ह्याच्यात माझी सगळी खाती आहेत. बँकेची वगैरे. ते असं दुसऱ्याकडं राहून चालत नाही. तर मी काय करतो, तुला हा टॅब ठेवतो. हा त्याच्याहून मोठा आहे, रंगीत आहे. तुझी कादंबरी ह्यातही आहे, नेमकं त्याच पानावर उघडेल."

त्या बापड्या ई-रीडरमध्ये बँकेचा ब सुद्धा नव्हता. आणि टॅब मुलानं वापरून टाकलेला, कोपऱ्यात तडा गेलेला. आवळा देऊन कोहळा काढणं म्हणतात ते हेच. आणि तो काढायला मी सख्ख्यासारख्या बहिणीचं घर निवडलं.

ईशानं मान वर केली. "आजोबा, पण ई-रीडरमधे बँक कुठे असते? मतलब, त्यात तर..."

"असंल गं," ताई तिला मध्येच तोडत म्हणाली. "तुला काय कळतंय त्याच्यातलं? त्याचं यंत्र हाय, त्याला ठावं."

ती माझ्याकडं बघत नव्हती. ईशानं पुस्तकात डोकं घातलं. त्या घटकेला ताईला सगळं समजलं होतं आणि नातीसमोर माझी शोभा होऊ नये म्हणून तिनं अडाणीपण स्वतःकडं घेतलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आणि तरीही मी हात पुढं केला.

तिनं ई-रीडर लगेच दिला नाही. आत गेली आणि खोबरेल तेलाची वाटी घेऊन आली. पाठीवरच्या पट्टीच्या कडेला बोटानं तेल लावलं, थोडं थांबली, आणि नखानं पट्टी हळूहळू सोडवून काढली. मग पदरानं पाठ पुसली. डिंकाचा डागसुद्धा राहू दिला नाही.

"घे. ठसा ऱ्हायला आसता तर वाईट दिसलं आसतं," ती म्हणाली.

निघताना नेहमीसारखा डबा दिला. तिळाचे लाडू, लसणाची चटणी, गाडीसाठी मेथीच्या पुऱ्या. दाजी स्टेशनवर बॅग डब्यात ठेवून लगेच वळले. एरवी गाडी हलेपर्यंत त्यांचं बोलणं चालतं.

गाडीत मी ई-रीडर उघडला. ताईचं पान आलं. सातआठ ओळी, अक्षरं बोराएवढी. अक्षर लहान करायला बोट नेलं आणि मागं घेतलं. पुण्यापर्यंत मी खिडकीबाहेर बघत आलो.

कऱ्हाड

घरी आल्यावर चारपाच दिवसांनी ई-रीडर पुन्हा हातात घेतला. कादंबरी उघडताच त्यानं विचारलं, "दुसऱ्या उपकरणावर तुम्ही याच्या पुढे वाचलं आहे. तिथे जायचं का?"

म्हणजे ताई टॅबवर वाचत होती. मला एकदम हलकं वाटलं. बघा, चाललं की तिचं! दुसऱ्या दिवशी पुन्हा उघडलं. पुन्हा तोच प्रश्न, पान थोडं पुढं. अगदी थोडं. त्याच्या दुसऱ्या दिवशी एखादंच पान. जी बाई माझ्या डोळ्यांदेखत मेथी निवडायची विसरून पानांमागून पानं उलटत होती, ती आता दिवसाला एकेक पान वाचत होती. मला हलकं वाटायचं बंद झालं. तरी मी रोज सकाळी दात घासायच्या आधी ते बघायचो. मग एक दिवस पान हललंच नाही. पुढच्या दिवशीही नाही. शेवटचं प्रकरण तेवढं बाकी होतं.

फोन करायचा धीर व्हायला मला आणखी आठवडा लागला. तो ईशानं उचलला.

"आजीला डॉक्टरनी स्क्रीन बंद केलीये आजोबा. टॅबची लाईट ना, तिच्या डोळ्यांतून पाणीच थांबत नव्हतं. मी काळ्या पानावर पांढरी अक्षरं करून दिली, तरी नाही जमलं. मी वाचून दाखवते म्हटलं, पण माझं मराठी वाचणं... हिंदीसारखं होतं ना ते. आजी म्हणाली, राहू दे." मग ती म्हणाली, "तिनं कोणाला सांगितलं नाही हं. सगळे विचारतात, ते पाहुण्याचं पुस्तक कुठेय. ती सांगते, तिच्या हातून पडलं. दुरुस्तीला दिलंय."

बायको समोर भाजी चिरत होती. माझा चेहरा बघून तिनं विळी बाजूला ठेवली. तिला मी सगळं सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "आणि तुम्ही अजून इथं बसलाय?"

त्याच दिवशी ई-रीडर कापडात गुंडाळून, खोक्यात घालून पाठवला. अक्षर होतं तेवढंच ठेवलं, पान होतं तेच ठेवलं. सोबत चिठ्ठी लिहायला बसलो. क्षमेचं एक वाक्य लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. शेवटी एका कोऱ्या चिकटपट्टीवर 'दिगंबर, कऱ्हाड' असं स्वच्छ अक्षरात लिहिलं आणि ती पट्टी न चिकटवता आत ठेवली. ताईला समजेल, असं वाटलं.

काही दिवसांनी मोबाईलवर त्याच खात्यातून तीच कादंबरी उघडून बघितली. प्रश्न आला. पान शेवटचं होतं.

संध्याकाळी ताईचाच फोन आला.

"दिगू, गेली रं ती म्हातारी," ती म्हणाली. "शेवटाला गेली. सगळं सामान गाडीत टाकलं, आन् माघारी फिरून दाराला कडी लावून गेली. पाण्यात बुडनाऱ्या घराला कुनी कडी लावतंय का, सांग मला?"

तिच्या आईनंही तशीच कडी लावली असेल, असं माझ्या मनात आलं, पण मी विचारलं नाही.

"ताई," मी म्हणालो, "पट्टी पाठवली होती. मिळाली का?"

"मिळाली की. ठेवलीय जपून."

"लाव ना मग. आणि कपाटात ठेव."

"न्हाई रं," ती अगदी मायेनं म्हणाली. तिच्या आवाजात राग असता तर मला सोसला असता. "कपाटातलं सगळ्यांचं असतंय. हे तुझं हाय. लोकांनी वापरून खराब केलं म्हंजे तुझा जीव वर-खाली व्हायचा. मी माझ्या उशाशी ठेवलंय, फडक्यात बांधून. फुडच्या संक्रांतीला येशील तवा घेऊन जा."

"ताई, पण..." मी सुरू केलं. ती म्हणाली, "बरं, ठेवते आता. दाजींचा चहा व्हायचाय. आन् दिगू, येताना एक पुस्तक आण बरं का."